फ्लॅटमध्ये पाणी झिरपले, तर सोसायटीची जबाबदारी कुठपर्यंत?

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे पर्वरी असो, म्हापसा, फोंडा किंवा मडगाव असो, जुलै उजाडला की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे येणाऱ्या तक्रारी एकाच वळणाच्या असतात. छताला ओल आली, भिंतीचे पोपडे सुटले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरली. तक्रारदार म्हणतो की मी दरमहा मेंटेनन्स भरतो, तेव्हा दुरुस्ती सोसायटीने करावी. कमिटी म्हणते की दाराच्या आत जे काही होते ते ज्याचे त्याने पाहावे. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पत्रव्यवहार दोन-दोन पावसाळे चालतो.

मुळात येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न गळती थांबवण्याचा, म्हणजे ज्या जागेतून पाणी येते ती जागा दुरुस्त कोणी करायची हा. दुसरा प्रश्न भरपाईचा, म्हणजे त्या पाण्याने आतला रंग, पीओपीचे छत, फर्निचर किंवा वायरिंग खराब झाले असेल तर त्याचा खर्च कोणी द्यायचा हा. पहिल्याचे उत्तर ती जागा कोणाची आणि कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा हलगर्जीपणा कोणाचा होता यावर ठरते. गच्चीची दुरुस्ती सोसायटीने करायची आहे, एवढ्यावरून खालच्या फ्लॅटमधले कपाटही तिनेच भरून द्यायचे, असे आपोआप होत नाही. आणि ओलीचा डाग आपल्या छतावर पडला, एवढ्यावरून ती ओल आपल्याच माथी मारली जावी, असेही नाही.

महाराष्ट्राचे नियम आणि गोव्याचे कागद

या विषयावर मराठीत जी माहिती सहज मिळते ती बहुतांशी महाराष्ट्राच्या कायद्यावर बेतलेली असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, तेथील आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) आणि अपार्टमेंटसाठीचा १९७० चा कायदा यांचे दाखले गोव्यातील सोसायट्यांच्या सभांमध्येही दिले जातात, आणि कधीकधी ते सोसायटीचे पदाधिकारीच देतात. गोव्याला स्वतःचा गोवा सहकारी संस्था कायदा २००१ आणि त्याखालील २००३ चे नियम आहेत. शिवाय येथील रचनाही थोडी निराळी आहे. गोव्यात फ्लॅट घेणाऱ्याच्या नावे बहुधा विक्रीखत होते, त्यात फ्लॅटबरोबर जमिनीतील अविभक्त हिस्साही येतो, आणि त्यानंतर जी सोसायटी नोंदवली जाते ती पुष्कळदा 'मेंटेनन्स सोसायटी' असते. इमारतीची मालक होण्यासाठी नव्हे, तर सामाईक भागांची देखभाल करण्यासाठी ती जन्माला आलेली असते. म्हणून तिची जबाबदारी किती, हे पाहण्यासाठी आधी तीन कागद काढावे लागतात. सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी, आपले विक्रीखत आणि इमारतीचा मंजूर आराखडा. कोणता भाग सामाईक आणि कोणता खास एकाच्या वापराचा, हे या तिन्हींत कुठे ना कुठे लिहिलेले असते. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात सामाईक भागांची जी व्याख्या आहे तिच्यात जिने, लिफ्ट, गच्ची, पाण्याच्या टाक्या, संप (जमिनीखालच्या टाक्या) आणि पाणी चढवणाऱ्या मोटारी यांचा समावेश आहे. त्यामुळे या कायद्याखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पांत वादाला जागा कमी राहते.

महाराष्ट्राचे आदर्श उपविधी अगदीच निरुपयोगी आहेत, असे मात्र नाही. गच्चीतून होणारी पावसाची गळती, सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरील फ्लॅटच्या छताचे व त्याच्या गिलाव्याचे झालेले नुकसान, हे सारे त्यांनी सोसायटीच्या खात्यावर टाकले आहे. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती मात्र त्या त्या फ्लॅटधारकाने स्वखर्चाने दुरुस्त करायची आहे. गोव्यातील कमिटीवर हे बंधनकारक नाही. तरीही आपल्या उपविधींनी या मुद्द्यावर मौन पाळले असेल, तर सभेत ठराव मांडताना एक तयार आणि तर्काला धरून असलेली विभागणी म्हणून तिचा आधार घेता येतो.

पाणी कुठून आले

गच्चीचा विचार आधी करू, कारण मोठे खर्च तिथेच होतात. गच्ची सामाईक असेल तर तिचे वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कडेच्या भेगा, पाणी जाण्याची तोंडे आणि अनेक इमारतींवर घातलेल्या पत्र्याच्या छपराचे खिळे व पन्हळी, हे सारे सोसायटीचे काम आहे. त्यासाठी खर्च सर्व सभासदांवर पडतो, केवळ वरच्या मजल्यावरच्यांवर नाही. 'गच्ची गळते ती तुमच्या डोक्यावर, तेव्हा तुम्हीच वर्गणी काढा' हा युक्तिवाद तळमजल्यावरून ऐकू येतो खरा, पण त्याच न्यायाने पहिल्या मजल्यावरच्याने लिफ्टचे पैसे द्यायला नकोत, आणि पंपाचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवायला तर स्वतंत्र आयोगच नेमावा लागेल. गच्चीचा काही भाग बिल्डरने विक्रीखतानेच एखाद्याला खास वापरासाठी दिला असेल, तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तेव्हा खतातील मजकूर शब्दशः वाचावा लागतो. त्या मालकाने तिथे बाग केली, फरशी बदलली किंवा जादा टाकी ठेवली आणि त्यानंतर गळती सुरू झाली, तर ओझे त्याच्याकडे सरकते. पण मूळ स्लॅब आणि इमारतीबरोबर आलेले वॉटरप्रूफिंग जुने होऊन निकामी झाले असेल, तर केवळ वापर त्याचा आहे म्हणून सोसायटीने हात झटकणे योग्य नाही.

बाहेरच्या भिंतींचेही तसेच. समुद्राकडून येणारा नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा मारतो आणि पश्चिमेकडची भिंत आधी भिजते. बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या केसासारख्या भेगांतून हे पाणी आत शिरते आणि बेडरूमच्या भिंतीवर पांढरट लोणा दिसू लागतो. बाहेरचा गिलावा आणि रंग सामाईक असल्याने ही दुरुस्ती सोसायटीची. परंतु पाणी एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या आणि नीट न बुजवलेल्या भोकातून, ग्रिलच्या बोल्टमधून किंवा मालकाने नंतर बंदिस्त केलेल्या बाल्कनीच्या सांध्यातून येत असेल, तर ते ज्याने भोक पाडले त्याचेच. जुन्या इमारतींत या दोन कारणांची सरमिसळ असते, आणि भिंत एका बाजूने रंगवून घेतल्यावरही ओल का जात नाही, याचे उत्तर बहुधा या सरमिसळीत असते.

पाइपांच्या बाबतीत एक प्रश्न विचारला की बरेचसे सुटते. पाइप कोणाच्या हद्दीतून जातो हे सोडून द्यावे आणि तो कोणासाठी आहे ते पाहावे. डक्टमधून उतरणारी, अनेक फ्लॅटांचे सांडपाणी नेणारी उभी वाहिनी सोसायटीची. एकाच फ्लॅटच्या बेसिनपासून त्या वाहिनीपर्यंत जाणारा तुकडा त्या फ्लॅटमालकाचा. कित्येक इमारतींत वरच्या बाथरूमचा ट्रॅप (फरशीवरच्या जाळीखालचा, सांडपाणी वाहिनीत सोडणारा भाग) आणि त्याचा आडवा पाइप स्लॅबच्या खाली, म्हणजे खालच्याच्या बाथरूममध्ये लोंबकळत असतो आणि तो झाकायला फॉल्स सीलिंग असते. तो पाइप खालच्याच्या डोक्यावर असला तरी त्यातून पाणी वरच्याचे वाहते, म्हणून दुरुस्ती वरच्याची. खालच्याची जबाबदारी एवढीच की त्याने प्लंबरला आत येऊ द्यावे. उलट तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या नहाणीतून घाण पाणी वर येते तेव्हा दोष बहुधा त्या फ्लॅटमध्ये नसतोच; पुढचा चेंबर किंवा सेप्टिक टँकची वाहिनी तुंबलेली असते आणि सगळ्यांचे पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते. ती साफसफाई सोसायटीची, आणि तुंबण्याची तक्रार आधी झाली असेल तर आत झालेल्या नुकसानीचाही विचार तिला करावा लागतो.

उरली वरच्याची बाथरूम. फरशीच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी, खचलेला ट्रॅप, भिंतीत गाडलेला फुटका नळ, हे सारे वरच्या फ्लॅटमालकाचे. सोसायटीने यात मध्यस्थी करावी, पत्र द्यावे, तपासणी घडवून आणावी. पैसे देण्याचे कारण तिला नाही. मात्र वर्षानुवर्षे ओल राहिल्याने स्लॅबमधील सळ्या गंजल्या असतील, तर तेवढ्यापुरता प्रश्न इमारतीच्या सांगाड्याचा होतो. गंज चढलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. छताचे थर गळून सळ्या उघड्या पडू लागल्या की प्रकरण दोन शेजाऱ्यांवर सोडून देणे कमिटीला परवडणारे नाही. तिने आधी स्लॅब सुरक्षित करून घ्यावा आणि खर्च कोणाकडून वसूल करायचा ते इंजिनिअरच्या अहवालावरून ठरवावे.

कारण शोधण्याची पद्धत

प्रत्येक पक्ष आपला प्लंबर आणतो आणि प्रत्येक प्लंबर आणणाऱ्याच्या बाजूने बोलतो, हे आपण पाहतोच. त्यापेक्षा पाण्याची वेळ पाहावी. ओल केवळ पावसात वाढते आणि पाऊस थांबल्यावर दोन-चार दिवसांनी उतरते, तर पाणी बाहेरचे. ती बारमाही आहे आणि वरचे बाथरूम वापरल्यावर वाढते, तर सांडपाण्याचे. वापर असो वा नसो, रात्रंदिवस सारखीच ठिबकते, तर दाबाखालचा नळ फुटलेला. या तिसऱ्या शक्यतेसाठी, जिथे फ्लॅटला स्वतंत्र मीटर आहे आणि पाणी थेट येते, तिथे सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का ते पाहिले तरी पुरे. जिथे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते तिथे त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवून ठिबकणे थांबते का ते पाहावे.

बाथरूमच्या फरशीचा संशय असेल तर ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर दीडदोन इंच पाणी साठवतात, टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण करतात आणि चोवीस तास ते तसेच ठेवतात. पाण्यात रंग मिसळला तर आणखी चांगले. पातळी उतरली आणि खाली रंगीत थेंब दिसला, तर फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. पातळी जागच्या जागी राहिली आणि ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर खाली ओल आली, तर दोष फरशीत नसून ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या पाइपमध्ये आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण एका दुरुस्तीत सबंध फरशी फोडावी लागते आणि दुसऱ्यात कदाचित खालून एक सांधा बदलून भागते. ही चाचणी दोन्ही मालक आणि कमिटीचा एक सदस्य यांच्या समोर व्हावी, तारखेसह फोटो काढावेत आणि जे दिसले ते चार ओळींत लिहून तिघांनी सही करावी. तरीही मतभेद राहिले तर सोसायटीने तटस्थ सिव्हिल इंजिनिअर नेमावा, त्याची फी सुरुवातीला सोसायटीने द्यावी आणि ज्याच्याकडे दोष निघेल त्याच्याकडून ती वसूल करण्याचा ठराव आधीच करून ठेवावा. ठराव आधी असावा, कारण निकाल लागल्यावर कोणीही तो मंजूर करत नाही.

आतल्या नुकसानीची भरपाई

सोसायटीने आतल्या नुकसानीचे पैसे द्यावेत, असे म्हणायचे तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. गळतीची जागा सोसायटीच्या देखभालीतली होती. दोष तिला ठाऊक होता किंवा साध्या पाहणीत ठाऊक व्हायला हवा होता. आणि वाजवी वेळेत तिने काही केले नाही. मधली गोष्ट सिद्ध करणे सर्वांत अवघड असते आणि म्हणूनच लेखी पत्राची तारीख कपाटाच्या बिलापेक्षा मोलाची ठरते.

समजा, एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट आहेत. पहिल्याच्या मालकाने नोव्हेंबरमध्ये छतावरच्या डागांचे फोटो जोडून सेक्रेटरीला पत्र दिले आणि पोच घेतली. मेअखेरपर्यंत कमिटीने कोटेशनही मागवले नाही. जूनमध्ये पीओपीचे छत कोसळले. दुसऱ्या फ्लॅटमध्ये डाग पहिल्यांदा जुलैतच दिसला, कमिटीने आठवड्याच्या आत गच्चीवर ताडपत्री घातली आणि पाऊस ओसरल्यावर काम काढले. दोन्ही ठिकाणी गच्ची दुरुस्त करणे हे सोसायटीचेच काम, पण आतल्या भरपाईचा पहिल्याचा दावा भक्कम आहे आणि दुसऱ्याचा कमकुवत. उपविधीत वरच्या मजल्याच्या छताचा उल्लेख असेल तर दुसऱ्यालाही छताच्या गिलाव्यापुरते काही मिळेल, सोफ्याचे मात्र नाही.

वाजवी वेळ म्हणजे किती, याचे उत्तर गोव्याच्या हवामानात दडलेले आहे. भर पावसात गच्चीचे वॉटरप्रूफिंग होत नाही. पृष्ठभाग कोरडा लागतो आणि ऑक्टोबर ते मे हाच कामाचा काळ. तेव्हा ऑगस्टमध्ये तक्रार करून सप्टेंबरमध्ये भरपाई मागणे टिकत नाही, तसेच 'पाऊस संपू दे' असे सांगून पुढचा पाऊस येईपर्यंत गप्प राहणेही टिकत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक सोसायट्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरते, डाग ताजे असतात, आणि गच्चीच्या खर्चाचा ठराव करून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

पत्रात काय असावे? ओल पहिल्यांदा दिसली ती तारीख, नेमकी जागा, पाऊस किंवा वापराशी दिसणारा संबंध, पाहणीसाठी आपण देऊ शकत असलेल्या दोन-तीन वेळा, आणि विजेच्या पॉइंटजवळ पाणी येत असेल तर त्याचा ठळक उल्लेख. एखादा व्हॉट्सॲपवरचा संदेशही पुरावा होऊ शकतो, पण ग्रुपमध्ये टाकलेल्या रागाच्या वाक्यापेक्षा पोच घेतलेले साधे पत्र जास्त उपयोगी पडते. मालकाकडूनही काही अपेक्षा असते. पाणी ठिबकताना दिसत असूनही गादी तिथेच ठेवली, तर तिची किंमत मागता येत नाही. आणि दहा वर्षांच्या कपाटाला नव्या कपाटाची किंमत मिळत नाही, झिजेची वजावट होतेच.

कुलूपबंद फ्लॅट

गोव्यातली खरी डोकेदुखी निराळी आहे. वरचा फ्लॅट बंद असतो. मालक आखातात, इंग्लंडात किंवा पोर्तुगालमध्ये असतो, तारवटी, म्हणजे खलाशी, असेल तर बोटीवर असतो, नाहीतर दिल्ली-मुंबईचा असतो आणि नाताळात आठवडाभर येतो. कधी तो फ्लॅट पर्यटकांना भाड्याने दिलेला असतो आणि दर तीन दिवसांनी माणसे बदलतात. मालक दूर आहे म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही आणि भाडेकरू राहतो म्हणूनही नाही. सोसायटीशी संबंध मालकाचा. नळ फुटून पाणी वाहत असेल तर पहिले काम कुलपाचे नसून गच्चीवरून त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करण्याचे आहे. आत जाणे अपरिहार्य असेल तर मालकाला ईमेल आणि फोन करून, उपविधीतील प्रवेशाच्या तरतुदीनुसार, कमिटीचे सदस्य व शेजारी यांच्या समक्ष पंचनामा करून आणि पोलिस ठाण्याला कळवून जावे. खालच्याने एकट्याने कुलूप तोडू नये. मालक वारला असेल आणि वारसांमध्ये इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन कारवाई, चालू असेल, तर ठाऊक असलेल्या सर्व वारसांना पत्र द्यावे. एकालाच दिलेले पत्र बाकीचे सहज नाकारतात. चावी विश्वासू माणसाकडे ठेवण्याचा आणि बाहेर जाताना व्हॉल्व्ह बंद करण्याचा नियम सोसायटीने ठरावाने घालून दिला, तर असे निम्मे प्रसंग टळतात.

बिल्डर, निबंधक आणि विमा

इमारत नवी असेल तर सोसायटीकडे बोट दाखवण्याआधी बिल्डरला पत्र द्यावे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्याने टाळाटाळ केली तर गोवा रेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. कमिट्या येथे एक चूक करतात. बिल्डरला न कळवता स्वतःच गच्ची फोडून घेतात आणि मग 'तुम्ही हात लावल्यामुळे गळती झाली' हे उत्तर ऐकतात. सोसायटी अजून स्थापन झालेली नसेल किंवा तिने देखभाल हाती घेतलेली नसेल, तर तोपर्यंत अत्यावश्यक सेवा वाजवी शुल्क घेऊन पुरवण्याचे आणि सांभाळण्याचे कर्तव्य याच कायद्याने बिल्डरवर टाकले आहे.

सोसायटीच दाद देत नसेल तर सभासद आणि सोसायटी यांच्यातील वाद सहकारी संस्था निबंधकांकडे नेता येतो. दोन फ्लॅटमालकांमधील निव्वळ भरपाईचा दावा सहसा दिवाणी न्यायालयाचा विषय असतो. बिल्डरच्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. यांपैकी कोणताही मार्ग धरताना मेंटेनन्स भरणे थांबवू नये. राग समजण्यासारखा आहे, पण थकबाकीदार ठरल्यावर सभेतला आवाज जातो आणि मूळ तक्रार थकबाकीच्या पत्रव्यवहाराखाली गाडली जाते.

विम्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घरविमा पॉलिसी मिळते. पाण्याची टाकी, उपकरणे किंवा पाइप फुटून अथवा भरून वाहिल्याने झालेले नुकसान आणि पूर व वादळाचे नुकसान तिच्यात येते. घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वर्षभर हळूहळू झिरपून आलेली ओल, म्हणजे गोव्यातील बहुतेक तक्रारींचे मूळ कारण, मात्र अशा पॉलिसीत बसत नाही. सोसायटीने इमारतीचा विमा काढलेला असला तरी तो सांगाडा व सामाईक भागांसाठी असतो. त्यामुळे आतल्या सामानाची पॉलिसी फ्लॅटमालकाने स्वतंत्र घ्यावी लागते, आणि वरच्याच्या फुटलेल्या पाइपचा दावा करताना सोसायटीसमोर सही झालेला तपासणीचा कागदच विमा सर्व्हेअरपुढेही ठेवता येतो.